वक्तृत्वाचा धडा आणि वडीगोद्रीचा श्रोता

शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. तेथे उच्चार, हावभाव, सुभाषिते आणि आवाजाचे चढउतार यांना गुण मिळतात. समोर बसलेल्या माणसाचा विचार मात्र क्वचितच होतो. कारण उघड आहे. स्पर्धेतील वक्ता श्रोत्यांशी नव्हे, परीक्षकांशी बोलत असतो. विषयाची कोणतीही बाजू वाट्याला आली तरी त्याचा आवेश तोच असतो. ही सवय घेऊन तो चळवळीत येतो आणि पुढे टाळ्यांनाच गुण समजू लागतो.

चळवळीच्या कार्यकर्त्याला एवढे शिक्षण पुरत नाही. ते का पुरत नाही, हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्रीत स्पष्ट दिसते. धुळे-सोलापूर महामार्गावरील या गावापासून अवघ्या काही किलोमीटरांवर अंतरवाली सराटी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अंतरवालीत मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणास बसले. १ सप्टेंबर रोजी तेथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये, या मागणीसाठी उपोषण केले. शेजारशेजारची दोन गावे, दोन मांडव आणि दोन समुदाय. ज्याच्या त्याच्या मांडवात टाळी मिळविणे कोणाही वक्त्याला अवघड नाही. समतावादी कार्यकर्त्याची कसोटी निराळी आहे. वडीगोद्रीत केलेले भाषण, त्यातील भूमिका न बदलता, त्याला संध्याकाळी अंतरवालीत करता येईल काय?

श्रोत्याला ओळखणे म्हणजे त्याची मर्जी राखणे, असा एक सोयीस्कर समज आहे. तसे पाहिले तर द्वेष पेरणाराही आपला श्रोता उत्तम ओळखतो. त्याची जखम नेमकी कोठे आहे, हे त्याला ठाऊक असते. फरक पुढे पडतो. तो जखमेचा उपयोग करतो आणि दुसऱ्या गावात तेच बोलण्याची त्याची छाती होत नाही. दाखले, शब्द आणि बोलीचा बाज गावागणिक बदलावा. भूमिका बदलता कामा नये.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हा धडा कोणत्याही वर्गाविना गिरवून दाखविला. दिवसा हाती खराटा घेऊन ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहत. ज्या माणसांशी बोलायचे, त्यांचे अंगण त्यांनी आधी पाहिलेले असे. वऱ्हाडी बोलीत ते एक प्रश्न टाकीत, लोकांकडून उत्तर घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. निष्कर्षाला श्रोता स्वतः पोचत असे. पण म्हणून त्यांनी लोकांना गोड वाटेल तेच सांगितले नाही. पशुबळी, कर्ज काढून केलेले सण, दारू आणि अस्पृश्यता यांवर त्यांनी भर कीर्तनात प्रहार केले.

क्रांतिसिंह नाना पाटलांचे उदाहरण वडीगोद्रीला अधिक जवळचे आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारा. १९६७ साली गोदावरीपलीकडच्या बीड मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. मुलूख परका होता, परंतु शेतकऱ्याचे दुःख परके नव्हते. मराठवाड्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना अनेक ठिकाणी प्रतिकूल श्रोत्यांपुढे उभे राहावे लागले. नामांतर १९९४ साली झाले. मधल्या वर्षांत टाळीची अपेक्षा न ठेवता बोलणाऱ्यांचे मोल कमी लेखता येणार नाही.

मग कार्यकर्त्याने शिकायचे काय? सभेच्या आधी गावात जावे. कापसाला काय भाव मिळाला, कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले काय, हे विचारावे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतण्यापूर्वी सभा घेतली, तर ज्यांच्यासाठी बोलायचे तेच श्रोत्यांत नसतात. स्त्रिया मागे उभ्या आहेत की घरीच राहिल्या आहेत, हे पाहून सभेची वेळ ठरवावी. भाषण अर्ध्या तासात संपवावे आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. शेवटी एखाद्या श्रोत्याला, काय समजले, ते सांगण्याची विनंती करावी. त्याच्या उत्तरातच भाषणाचे खरे गुण कळतात.

अशा ऐकण्यातूनच दोन्ही मांडवांत सांगता येईल असे काही हाती लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये, अंतरवालीचे आंदोलन पेटलेले असतानाच, शासकीय कामांसाठी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. आरक्षण मागणारा आणि आरक्षण राखू पाहणारा, दोघांचीही मुले ज्या नोकरीची वाट पाहत होती, तीच नोकरी आटत होती. एवढ्याने आरक्षणाचा वाद मिटत नाही, आणि तो मिटला असे भासविणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु समोरासमोरच्या दोन मांडवांतील माणसांना एकमेकांचे घर दिसावे, एवढे काम शब्द करू शकतात.

ते करू पाहणाऱ्या वक्त्याला प्रारंभी दोन्हीकडे टाळी मिळणार नाही. तरीही लोक उठून न जाता ऐकत राहिले, तर तो बोलायला शिकला असे समजावे.