वास कोणाचा येतो?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मागल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'व्यसनमुक्ती आणि युवक' या विषयावर बोलून मी दुसरा क्रमांक मिळवला. दारू हा समाजाला लागलेला कलंक आहे, दारूमुळे सोन्यासारखे संसार धुळीला मिळतात, उठा, जागे व्हा, असे सर्व काही मी त्यात म्हटले. टाळ्याही पडल्या. परंतु मित्रहो, त्या सात मिनिटांत एकही वाक्य माझे नव्हते. माझे जे वाक्य होते ते मी घरी ठेवून आलो होतो. आज ते लिहीत आहे, कारण व्यासपीठावर उभे राहून जे बोलवत नाही ते कागदावर थोडे सोपे जाते.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये अकरा हंगाम प्रेसवर होते. कापूस उमरीच्या माणसाला शिकवायला नको. पण शहरातून आलेल्या प्राध्यापकांसाठी सांगतो. रेच्यातून सरकी वेगळी होऊन निघालेली रुई प्रेसमध्ये दाबतात आणि तिची सुमारे १७० किलोची गठाण बांधतात. बांधताना पट्टी ताणलेली असते. ती सुटली तर चाबकासारखी येते. शिवाय चारी बाजूंना रुई. एका ठिणगीचे काम. अशा जागी आबा सकाळी आठला हजर होत आणि त्यांच्या तोंडाला आदल्या रात्रीचा वास येत असे.

हे कोणाला ठाऊक नव्हते? मायला ठाऊक होते. मुकादमाला ठाऊक होते. जोडीदारांना ठाऊक होते. ते त्यांना मुकादमापासून चार हात लांब उभे करीत. मलाही ठाऊक होते. आठवीत असल्यापासून रोज सकाळी आबांच्या सदऱ्याच्या खिशात बडीशेप टाकण्याचे काम माझ्याकडे होते. माय चुलीपाशी बसूनच म्हणायची, "टाकलीस का रं?" मी म्हणायचो, "टाकली." आमच्या घरात दारूविषयी झालेले सर्वांत लांब संभाषण हेच. ओरडा झाला, भांडी आपटली, पण संभाषण म्हणावे असे एवढेच.

मग एका माघ महिन्यात जिनिंगवर बँकेचे कोणी साहेब पाहणीला आले. आबांनी पुढे होऊन त्यांना गठाण दाखवली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. बस, एवढेच घडले. मुकादमाला जो वास पाच वर्षे येत होता आणि तरी येत नव्हता, तो त्या दिवशी साहेबांच्या नाकाला गेला म्हणून खरा झाला. दुपारच्या आत आबांना फाटकाबाहेर काढून सांगितले, "उद्यापसून येऊ नको." दिवाळीला घेतलेली उचल शिल्लक मजुरीतून वळती करून घेतली. कागद नाही, सही नाही. कागद असणार तरी कसा? अकरा हंगाम हजेरीच्या वहीशिवाय आबांचे नाव कुठे लिहिलेलेच नव्हते.

इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाही तर हा लेखही त्या भाषणासारखाच होईल. आबांवर निव्वळ अन्याय झाला असे मी म्हणत नाही. त्या प्रसंगाच्या दोन वर्षे आधी त्यांच्या हातून पट्टी सुटली होती आणि जोडीदाराच्या दंडाला लागली होती. ती खूण मी पाहिली आहे. त्या गृहस्थांनी कधी तक्रार केली नाही, आणि ते अजूनही आमच्या घरी चहाला येतात. पण पट्टी दंडाऐवजी डोळ्याला लागली असती तर? ज्या माणसाच्या रक्तात दारू आहे त्याला त्या दिवशी यंत्रापाशी उभे करू नये, हे मला निर्विवाद मान्य आहे. माझा प्रश्न त्या दिवसापुरता नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

बडीशेपेचे काय होते ते मला कॉलेजात आल्यावर समजले. आपण समजतो की वास तोंडात असतो. वस्तुतः तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. म्हणून बडीशेप, पान, लिंबू, अंघोळ, कशाचाच उपयोग नाही. श्वास घेणे थांबवता येत नाही. आणि शरीर दारू आपल्याच चालीने बाहेर काढते. १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, असा ढोबळ हिशेब आहे. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १८० मिलिग्रॅम आहे त्याच्या रक्तात सकाळी आठला ६० उरते. मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा ३० ची आहे. म्हणजे "काल घेतली होती, आज थेंब नाही" असे आबा शपथेवर म्हणत तेव्हा ते खोटे बोलत नव्हते, आणि तरीही ते प्रेसवर उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. आठवीपासून मी खिशात टाकत आलो ती बडीशेप केवळ आमच्या मनाची समजूत होती.

आता राज्यघटनेच्या तासाला ऐकलेली एक हकीकत सांगतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. (आपला मराठवाडा तेव्हा हैदराबादकडे होता.) १९५१ च्या मे महिन्यात बेहराम पेसिकाका नावाचे अधिकारी, मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी, नोकरी बावीस वर्षांची, रात्री कुलाब्याकडे जीप चालवीत जात असता जीपचा धक्का तीन माणसांना लागला. त्यांच्या तोंडाला दारूचा वास आला. खटला झाला. त्यांनी सांगितले की आपण 'बी. जी. फॉस' हे टॉनिक घेतले होते, ज्यात मद्यार्क असतो. खालच्या कोर्टाने सोडले, उच्च न्यायालयाने एक महिन्याची सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला, आणि शेवटी १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. वास आला एवढ्यावरून बंदी असलेली दारूच घेतली होती असे धरता येत नाही, औषधातल्या मद्यार्कानेही वास येऊ शकतो. ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आरोपीची नव्हे. पुढे १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की रक्ताची वा लघवीची तपासणी नसताना नुसता वास, अडखळती चाल आणि अस्पष्ट बोलणे यांवरून माणूस प्यालेला होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

सर हे सांगत होते तेव्हा वर्गात कोणी हसत होते, कोणी खिडकीतून स्टेशनकडे जाणारी रिक्षा पाहत होते. माझ्या डोळ्यापुढे मात्र जिनिंगचे फाटक होते. टॉनिक घेतल्याचे सांगण्याची सोय ज्याला असते, तीन कोर्टांच्या पायऱ्या चढण्याइतके ज्याच्यापाशी असते, त्याच्यासाठी वास हा पुरावा नाही. आणि आबांसाठी एका साहेबाचा रुमाल म्हणजे निकाल. आबा निर्दोष होते असे नव्हे. त्यांना विचारलेच कोणी नाही, हे माझे म्हणणे आहे.

कायद्यात विचारण्याची सोय नव्हती असेही नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली कारखान्यांना जे नियम लागू होते, त्यांत कामाच्या जागी नशेत असणे हे गैरवर्तन म्हणून लिहिलेले होते. पण त्याचबरोबर आरोप लेखी द्यावा, कामगाराचे ऐकून घ्यावे आणि चौकशीसाठी निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्मे वेतन द्यावे, हेही होते. ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्यासाठी हे सर्व. बाकीच्यांसाठी फाटक.

याहून मोठे नवल मला विमानांच्या नियमांचे वाटले. वैमानिकाने उड्डाणापूर्वी बारा तास दारू घ्यायची नाही, असा आपल्या देशात नियम आहे. त्याची श्वासाची तपासणी होते. पहिल्यांदा उड्डाणापूर्वीच्या तपासणीत दोषी आढळला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. मी हे वाचून पुस्तक मिटले. ज्याच्या हाती दीडशे-दोनशे जीव आहेत त्याला तीन महिन्यांनी परत येण्याची वाट आहे. १७० किलोची गठाण बांधणाऱ्याला नाही. आमच्या स्टेशनावरून रोज गाड्या जातात. त्यांचे इंजिनचालकही ड्युटी धरण्यापूर्वी यंत्रात फुंकर मारतात. यंत्राला साहेब कोण आणि हमाल कोण हे कळत नाही. मुकादमाचे नाक असे आंधळे नसते.

आणि नाकाचे म्हणाल तर तेही सर्वांना सारखे लागू नाही. देशीचा आणि शिंदीचा वास दहा हातांवरून येतो. महागाच्या बाटलीचा तितका येत नाही, आणि आला तरी मध्ये केबिनचे दार असते, अत्तर असते, मोटारीची काच असते. आपल्या सर्वांच्या ओळखीत असे एखादे सद्‌गृहस्थ असतील, ज्यांच्याबद्दल आपण सकाळी "आज साहेबांची तब्येत बरी दिसत नाही" असे म्हणतो. हमालाची तब्येत कधी बरी नसते का? तो 'पिऊन आलेला' असतो.

यापुढचे लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. कामावरून काढल्यावर आबांनी दारू सोडली. खरोखर सोडली, सात आठवडे. माय दिवस मोजीत होती. अंगाला कंप सुटायचा, रात्री झोप नसायची, पण सोडली. मग धुतलेला सदरा घालून ते पुन्हा त्याच जिनिंगवर गेले. मी सोबत होतो. मुकादम म्हणाला, "तोंड उघड." सरकी वेचणाऱ्या बाया बाजूलाच बसल्या होत्या. आबांनी तोंड उघडले. माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा माणूस, माझा बाप, तोंड उघडून उभा होता आणि दुसरा माणूस वाकून त्याचा वास घेत होता. वास नव्हता. मुकादम म्हणाला, "आज नाही, पण तुझं काय सांगावं," आणि आत निघून गेला. दुसऱ्या दोन ठिकाणी आम्ही गेलो तर आमच्या आधी आमची कीर्ती पोहोचलेली होती. लहान गावात वास माणसाच्या पुढे चालतो. त्या रात्री आबा पिऊन आले. मी त्यांचे समर्थन करीत नाही. पण त्या रात्री मी त्यांना एक शब्दही बोललो नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या दिवशी वास येतो त्या दिवशी घरी पाठवा, त्या दिवसाची मजुरी कापा, कोणाला तरी सोबत द्या. यंत्रावरून काढून झाडलोटीला लावा. पण परत येण्याची तारीख सांगा. पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिथे दारूवर उपचार होतात हे आता आम्हालाही ठाऊक आहे. पण महिनाभराहून अधिक काळ घर सोडून राहायचे तर चूल कोणी पेटवायची, आणि बरा होऊन आल्यावर फाटक उघडेल हे कोणी सांगायचे? काम परत मिळणार असेल तर माणूस सोडण्याचा त्रास सोसतो. नसेल तर कशासाठी सोसावा? आणि जे जोडीदार आबांना मुकादमापासून लांब उभे करीत, ते प्रेमाने करीत हे मी जाणतो. पण त्यांतल्या एकाने पहिल्याच वर्षी "आज तू प्रेसवर चढू नको" म्हटले असते तर तो दंड शाबूत राहिला असता. त्या झाकपाकीत पहिला हात माझा आहे, हे मी वर सांगितलेच.

आबा सध्या मोंढ्यावर हमालीला जातात. रोज जात नाहीत. जेव्हा जमते तेव्हा. कधी आठवडा कोरडा जातो, कधी जात नाही. बडीशेपेची डबी अजून कोनाड्यात आहे. ती भरायची मी दिवाळीपासून बंद केली. ज्या दिवशी वास येतो त्या दिवशी मी त्यांना सरळ सांगतो, "आबा, आज जाऊ नका." ते कधी ऐकतात, कधी शिवी देऊन जातात. मायला माझे हे वागणे पटलेले नाही. तिचे म्हणणे, एक दिवसाची मजुरी बुडते ती तुझ्या पुस्तकांतून येणार आहे का? याला माझ्यापाशी अजून उत्तर नाही.