फोटोच्या मागे

आमच्या डोंबिवलीच्या कॉलनीत एक चालणारे मंडळ आहे. बाकीची मंडळे वर्गणीवर चालतात, आमचे पायांवर चालते. रोज पहाटे खाडीपर्यंत जाऊन यायचे आणि परतताना टपरीवर चहा पीत, घरी झोपलेल्यांच्या प्रकृतीची काळजी करायची, हा आमचा नेम. शिवाय वर्षातून एकदा, थंडी पडली की, एखादा डोंगर चढायचा.

गेल्या पौषात आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी ठराव मांडला, "यंदा पुतळे पाहायला जाऊ. नाणेघाटात. सातवाहनांचा राजा, राणी, राजपुत्र, सगळे एका रांगेत!"

ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. सौभाग्यवतींनी धपाटे केले, बँकवाल्यांनी कॅमेरा घेतला, आणि आम्ही अकरा जण कल्याणहून माळशेजच्या बाजूची एस.टी. पकडून निघालो. मुरबाड मागे पडले, वैशाखरे गाव गेले आणि पुढे रस्त्याकडेला आम्ही उतरलो. समोर 'नानाचा अंगठा' आभाळात उभा होता.

ही चढण तीन तासांची म्हणतात. आमच्या मंडळाला साडेचार लागले. वर जाता जाता वाटेत दगडी पायऱ्या लागू लागल्या, खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसू लागली. हेडमास्तर सांगत होते, "कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पैठणला जायचा. घाटमाथ्यावर दगडाचा रांजण आहे, त्यात जकात टाकीत असे लोक सांगतात."

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा टोलनाका चुकला नाही!" बँकवाले धापा टाकत म्हणाले.

घाटाच्या तोंडाशी लेणे आले. आम्ही घाम पुसून, केस सारखे करून आत शिरलो. राजाला भेटायचे म्हणजे काही रीत आहे! पण आत चौकोनी खोली, तीन बाजूंना दगडी ओटा आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरे. राजा नाही, राणी नाही.

"अहो मास्तर, पुतळे कुठे आहेत?" सौभाग्यवतींनी विचारले.

मास्तरांनी मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे खाली पावलांच्या पुसट खुणा होत्या. वरचा सगळा दगड गेलेला. पण भिंतीवर एकेकाचे नाव कोरलेले होते.

"साडेचार तास चालून नुसती पावले?" बँकवाल्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

मास्तर मात्र शांतपणे नावे वाचू लागले. राजा सिमुक सातवाहन, या घराण्याचा मूळ पुरुष. मग देवी नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि राजा श्री सातकर्णी. पुढे राजकुमार, आणि त्यांच्यामध्ये एक महारठी. हा महारठी म्हणजे राणीचे वडील असावेत, असे बहुतेक विद्वान मानतात.

"थांबा," सौभाग्यवती म्हणाल्या. "राणीचे नाव आधी, राजाचे नंतर?"

"होय. कोरलेय तसेच."

"आणि सासरच्या मंडळींत माहेरचे वडील?"

"होय."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन मी इथे करीत नाही. त्या वेळी त्यांचे धपाट्याचे डबे वाहण्याचे श्रम वसूल झाले, एवढेच सांगतो.

बाजूच्या दोन्ही भिंतींवर मोठा लेख आहे. त्यात केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची जंत्री आहे. अश्वमेध, राजसूय, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळे आकड्यांनिशी. भारतातल्या अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते, हे ऐकल्यावर बँकवाल्यांचा राग गेला आणि कॅमेरा पुन्हा बाहेर आला.

मी मात्र गप्प होतो. कॉलेजात असताना आम्ही चार मित्र याच लेण्यात मुक्कामाला राहिलो होतो. रात्री कडाक्याची थंडी पडली, म्हणून चूल आतच मांडली आणि खिचडी केली. धूर भिंतीवर जात होता. तिथे काही ओरखडे आहेत एवढेच आम्हाला दिसले होते. १८२८ साली कर्नल साइक्स इथे येऊन गेला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी या अक्षरांसाठी डोळे झिजवले, आणि आम्ही त्यांना खिचडीचा धूर दिला! मास्तरांना हे सांगायचे मला धैर्य झाले नाही. ते आज इथे लिहून टाकतो.

रात्री घरी गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. समोर भिंतीवर आमचा कुटुंबाचा फोटो होता. आजोबांच्या साठीला, १९५२ साली, वाड्याच्या ओसरीवर काढलेला. चौदा माणसे. चेहरे कसे स्वच्छ आले आहेत! आजोबांच्या टोपीची घडीसुद्धा मोजावी. पण नावे मोजायला गेलो, तर पाचावर अडलो.

नाणेघाटात चेहरे गेले, नावे राहिली. आमच्या घरी चेहरे राहिले आणि नावे निघाली होती.

दुसऱ्याच रविवारी फोटो काढून आत्याकडे पुण्याला नेला. फोटोतली दोन वेण्यांची मुलगी ती हीच; आता चौऱ्याऐंशीची आहे. तिने चष्मा पुसला आणि एकेकावर बोट ठेवीत सांगत गेली. कोण कुणाचा, कोण कुठे गेला, कुणाला गाणे येत होते. धाकट्या काकूचे माहेरचे नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते, तेही तिने सांगितले. सौभाग्यवती फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहीत होत्या. जोडप्याचे नाव आले की त्या बाईचे आधी लिहीत होत्या. मी हरकत घेतली नाही. नाणेघाटाचा दाखला त्यांच्या बाजूने होता.

या दिवाळीत तुमच्याही घरी पाडव्याला, भाऊबिजेला फोटो निघतील. हल्ली ते फोनमध्येच राहतात. त्यातला एक तरी कागदावर काढून घ्या आणि मागे नावे लिहा. घरात कुणी आत्या, मावशी, आजोबा असतील, तर जुना फोटो घेऊन त्यांच्याजवळ आजच बसा.

आमची तेरा नावे झाली. चौदावा एक मुलगा होता, ओसरीचा खांब धरून कडेला उभा. आत्याने फोटो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दूर धरला.

"हा कोण ते नाही रे आठवत," ती म्हणाली. "पण जेवायला आमच्याच पंगतीला असायचा."

सौभाग्यवतींनी तेवढेच लिहिले आणि नावापुरती जागा मोकळी सोडली.