मुलुंडला चिडलो, कोथरूडला गप्प

कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात मी फ्लॅट भाड्याने लावून देण्याचं काम करते. मालकाचा फोन आला की आधी विचारतात, "ताई, पार्टी कोण आहे?" मी सांगते, नवरा-बायको, दोघंही हिंजवडीला नोकरीला, एक मूल. "ते ठीक. आडनाव?" जोशी, देशपांडे म्हटलं की बोलणं लगेच पार्किंगवर आणि पाण्याच्या वेळेवर येतं. गायकवाड, जाधव, मोरे म्हटलं की मालक जरा घुटमळतो, कारण ही आडनावं बऱ्याच समाजांत आहेत. मग चौकशी सुरू होते, तीही अगदी आपुलकीने. गाव कुठलं, गावात शेती आहे का, वडील काय करायचे. कांबळे म्हटलं की फ्लॅट नेमका कालच गेलेला असतो. आणि शेख म्हटलं तर मालक उलट माझीच समजूत घालतो, "माझं काही नाही हो, पण सोसायटीला चालायचं नाही."

पुण्यात नकार फार सभ्यपणे मिळतो. आवाज चढत नाही, कागदावर काही राहत नाही. जाहिरातीत 'ओन्ली फॅमिली, प्युअर व्हेज' एवढंच लिहायचं, बाकीचं फोनवर. काही घरांत खरंच कांदा-लसूणही शिजत नाही, त्यांचं मी समजू शकते. पण दर रविवारी ज्यांच्या घरी मटणाचा बेत असतो असे मालकही भाडेकरू व्हेजच मागतात. ते कोणाला टाळतायत हे मलाही कळतं आणि पार्टीलाही.

मी स्वतः आडनाव विचारते का? विचारते. पार्टीला तीन जिने चढवायचे, बाईंनी ओटा आणि फ्रिजची जागा बघून घ्यायची, मुलाने आपली खोली ठरवून टाकायची आणि संध्याकाळी मी फोन करून नाही म्हणायचं, हा प्रकार मला सहन होत नाही. म्हणून आधीच विचारते आणि ज्या मालकांना कोणीही चालतं त्यांचीच घरं दाखवते. असे मालक आहेत, नाही असं नाही. पण त्यामुळे काही माणसांना निवडीला तीन घरं असतात आणि काहींना तीस. तीनवाल्याला भाव करता येत नाही. सांगतील ते भाडं, सांगतील ते डिपॉझिट.

मुस्लिम पार्टी आली की बहुतेक एजंट थेट कोंढव्याचा रस्ता दाखवतात, मग नोकरी बाणेरला का असेना. रोज जाऊन-येऊन दोन-तीन तास रस्त्यावर. आणि नंतर आमचेच मालक म्हणणार, "बघा, ते सगळे एकाच भागात गोळा होऊन राहतात." घटस्फोटित बाई, एकटी राहणारी मुलगी, ईशान्येकडचे विद्यार्थी यांचीही अशीच तऱ्हा, फक्त कारणं वेगळी सांगितली जातात.

सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणारी मराठवाड्यातली मुलं अधूनमधून माझ्याकडे खोली शोधायला येतात. त्यातल्या एकाने मला घटनेचं कलम १५ धडाधड म्हणून दाखवलं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. यादी संपवून तो म्हणाला, "मॅडम, यात भाड्याची खोली नाहीये." नाहीच. म्हणजे चहाच्या टपरीवर त्याला जातीवरून कोणी अडवलं तर घटना त्याच्या बाजूने उभी राहते. टपरीच्या वरच्या मजल्यावरची खोली नाकारली तर त्याने कुठे जायचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, मराठी माणसं इथे चालत नाहीत म्हणून. व्हिडिओ राज्यभर फिरला, गुन्हा दाखल झाला, सगळे पक्ष बोलले. पुढच्या वर्षी आमदार अनिल परब यांनी मुंबईच्या नव्या इमारतींत मराठी माणसाला घरं राखीव ठेवा अशी मागणी केली. मीही तो व्हिडिओ बघून चिडले होते आणि त्यात काही चूक नव्हती. पण त्याच आठवड्यात माझ्याशी मुलुंडवर तावातावाने बोललेले एक काका बोलणं संपवताना म्हणाले, "बरं ताई, आपल्या वन बीएचकेला आपल्यातलीच पार्टी बघा." दोन वाक्यांत काही विसंगती आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही दिसलं नाही.

'घर आमचं, मर्जी आमची' हे उत्तर मला रोज ऐकू येतं. ज्या शहरात ते ऐकू येतं तिथेच, गंज पेठेत, महात्मा फुले राहत होते. त्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद त्यांचा खासगी होता, मर्जीही त्यांचीच होती. आणि १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत दिवस काढले. तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. नोकरी संस्थानात मोठी होती, संस्थानिक सयाजीरावांसारखे होते, तरी शहरात एक खोली मिळाली नाही.

कायदा आजही नाकारणाऱ्याच्याच बाजूला झुकलेला आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना ठेवलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केलं. पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा अडवणूक मालकाकडून होतच नाही, ती कमिटीकडून होते. मालक तयार असतो, टोकन दिलेलं असतं, आणि सेक्रेटरी म्हणतात, आधी भाडेकरूला मीटिंगला आणा, मग एनओसी देऊ. वास्तविक आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय की फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना माहिती दिल्याची प्रत द्यायची, झालं. सोसायटीला मिळतं ते बिनभोगवटा शुल्क, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हे मी सेक्रेटरींना दाखवलं तर ते म्हणतात, "नियम तुम्ही आम्हाला शिकवू नका." मालकाला त्याच इमारतीत दिवस काढायचे असतात, तो वाद घालत नाही. पार्टी दुसरीकडे जाते.

म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी प्रत्येक सोसायटीला पत्र पाठवावं की भाडेकरूची मुलाखत घेणं, एनओसी मागणं, जात-धर्म-आहार विचारणं हे कमिटीचं काम नाही, आणि कोणी केलं तर तक्रार अमुक ठिकाणी करायची. त्याला नवीन कायदा लागत नाही. आहे तो नियम वाचला तरी पुरे.

मालकांसाठी मात्र कायदाच लागेल. दिल्ली परिसरात प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या नावांनी घरं मागून पाहिली, तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण नावांना जवळपास कुठेच नकार नव्हता, दलित नावांना होता, मुस्लिम नावांना सर्वांत जास्त. असा अभ्यास पुण्यात झाला तर माझ्या ओळखीतल्या एकाही एजंटाला नवल वाटणार नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. माझ्या कितीतरी मालकांची मुलं आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये त्याच कायद्याच्या आधाराने सुखाने भाड्याने राहतात. तिथेही मालक स्वतः त्याच छोट्या घरात राहत असेल तर थोडी सूट ठेवली आहे, आणि आपणही ती ठेवावी. आपल्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत कोण राहणार हे ठरवायचा हक्क कोणाचा काढून घ्यायचं कारण नाही.

पण वारज्यात दोन आणि बावधनला एक फ्लॅट घेऊन ठेवलेला माणूस, जो त्यात एक रात्रही झोपलेला नाही, तो घर देत नसून दुकान चालवतो आहे. दुकानाचा नियम त्याला लावायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात भाड्याचा करार नोंदवणं १९९९ च्या कायद्याने सक्तीचं आहे, म्हणजे हा व्यवहार तसाही सरकारच्या दारातूनच जातो. नियम एजंटालाही लावावा. नव्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटाला २०२३ पासून महारेराची परीक्षा द्यावी लागते, भाड्याचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला काहीच नाही. एजंटाने जात-धर्म विचारला तर दंड, असं कलम आलं तर धंद्यातले काही लोक ओरडतील. मला उलट सोयीचंच होईल. मालकाने "आडनाव?" म्हटलं की सांगता येईल, "काका, विचारता येत नाही हो, पाच हजार दंड आहे. भाडं किती म्हणालात?"