मोजायचे काय, गोळ्या की रुग्ण?

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे घोषित झाले. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकाच त्याचा अर्थ! सांसर्गिक प्रकाराचा बहुविध औषधोपचार 12 महिन्यांचा असतो. दौंडच्या फडात येणारा ऊसतोड कामगार मात्र हंगाम संपताच परततो. त्याची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात आणि तो भीमेकाठच्या कोपीत! मग उरलेल्या गोळ्या त्याने घेतल्या की नाही, हे पाहणार कोण? औषध विनामूल्य दिले म्हणजे कर्तव्य संपले काय? नोंदवहीनेच रुग्णामागे चालले पाहिजे. 2027 पर्यंत संक्रमण थांबविण्याचे उद्दिष्ट शासनाने ठरविले आहे. ते फडापर्यंत पोहोचणार नसेल, तर बधिरता केवळ रुग्णाच्या त्वचेत नाही, असेच म्हणावे लागेल!