रामटेकचा गड कोणी पाहिला?

आपल्या शाळेची सहल यंदाही रामटेकला जाणार, असे गुरुजींनी सांगितले. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र वाटते की आपण दरवेळी रामटेकला जातो आणि रामटेक न पाहताच परत येतो.

कसे ते सांगतो. गाडीतून उतरायचे, धावत वर चढायचे, राम-लक्ष्मणाचे दर्शन घ्यायचे, वानरांपासून डबा सांभाळायचा आणि शिट्टी वाजली की खाली! 'गडावर जातो' असे सगळेच म्हणतात, पण गड म्हणजे किल्ला हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमचे आजोबा म्हणतात, "गडावर पाहाले काय हाय रे? राम हाय, देऊळ हाय, झालं." आजोबांचा मान राखून मी म्हणतो की अजून पुष्कळ आहे.

मुख्य देवळे टेकडीच्या पश्चिम टोकाला आहेत. तिथे दक्षिणेला आणि पश्चिमेला सरळ तुटलेला कडा आहे. तिकडून शत्रू येणार कसा? म्हणून तट बांधला तो उत्तरेकडे, आणि तोही दुहेरी. जागा निवडणारा मोठा हुशार असला पाहिजे. वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे आहेत. एक फोडला तरी पुढे दुसरा उभाच! वराहाची मूर्ती एकाच दगडाची आहे. तिच्या पोटाखालून जाताना पापी माणूस अडकतो म्हणतात. मला वाटते, जाड माणूस अडकत असेल.

त्याच टेकडीवर केवल नरसिंह व रुद्र नरसिंह यांची देवळे आहेत. ती वाकाटकांच्या काळची, म्हणजे सुमारे १५०० वर्षांपूर्वीची. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा वारला, मुले लहान, तेव्हा तिने स्वतः राज्य चालवले. जवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ मध्ये खोदकाम झाले, त्यात तिच्या नावाचा मातीचा शिक्का सापडला. राज्य चालवणाऱ्या बाईचा शिक्का आपल्याच जिल्ह्यात निघाला आणि आपल्या वर्गातल्या किती मुलींना हे माहीत आहे?

काही जण म्हणतात, लहान मुलांना दगडातले काय कळते? मला हे पटत नाही. दुसरीतल्या पोराला दरवाज्यात उभे करा आणि म्हणा, 'तू शिपाई, शत्रू खालून येतोय.' त्याला सगळे कळेल. न सांगता सोडले तर तोच पोरगा विटेचा तुकडा घेऊन भिंतीवर नाव लिहीत बसतो. जुना दगड एकदा खरवडला की पुन्हा भरून येत नाही.

म्हणून माझे म्हणणे, दुकानांत जो तास जातो तो तटाला द्यावा. खेळणी तर आपल्या बाजारातही मिळतात. गुरुजी म्हणाले, "मुलांची इच्छा असेल तर मुख्याध्यापकांना विचारतो." ज्यांना तट आणि दरवाजे पाहायचे असतील त्यांनी शनिवारच्या आत माझ्याजवळ नावे द्यावीत. मी सातवीच्या वर्गात खिडकीजवळ बसतो.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी