दुबळा भाग कोणता? एका निकालाची उलटतपासणी

'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचा सर्वांत दुबळा भाग कोणता, या प्रश्नावर तिचे चाहते गेली कित्येक वर्षे वाद घालत आले आहेत. बहुमताचा निकाल बहुधा 'द बिल्डर्स' या दुसऱ्या भागाविरुद्ध जातो. अल्पमत 'द ॲनिव्हर्सरी'कडे बोट दाखवते. वाद घालणाऱ्यांना आपण समीक्षा करीत आहोत याची जाणीव नसते. आणि ज्यांना आपण समीक्षक आहोत याची पुरेपूर जाणीव असते, त्यांना या वादात समीक्षा दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे दोन्ही पक्षांना अडचणीचे वाटेल. हा वाद समीक्षेचाच आहे, आणि त्यातला निकाल चुकीचा आहे.

पहिला मुद्दा लवकर उरकता येतो. एका चर्चासत्रात मी या मालिकेचा उल्लेख केला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'हा आवडीनिवडीचा प्रांत आहे, मूल्यमापनाचा नव्हे' असे सांगून विषय मिटवला. प्रश्न असा की आवडनिवड कोठे संपते आणि मूल्यमापन कोठे सुरू होते? ज्या क्षणी नावडीचे कारण द्यावे लागते आणि ते कारण दुसऱ्याला तपासता येते, त्या क्षणी. या वादात ती अट पुरी होते. आपल्या अनेक चर्चासत्रांत होते त्याहून अधिक काटेकोरपणे होते. कारण संहिता छोटी आणि बंदिस्त आहे. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी मिळून बारा भाग लिहिले. त्यांतले सहा १९७५ साली प्रसारित झाले आणि सहा १९७९ साली. तेरावा भाग कधी झाला नाही. बहुतेक सर्व घटना टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या एका हॉटेलात घडतात. मालक बेझिल फॉल्टी, त्याची पत्नी सिबिल, पॉली ही परिचारिका आणि बार्सेलोनाहून आलेला वाढपी मॅन्युएल हे चौघे कायमचे. वाद घालणाऱ्या प्रत्येकाने संपूर्ण संहिता अनेकदा पाहिलेली असते. एखाद्या लेखकाचे समग्र वाङ्मय वाचलेले दहा जण एकत्र बसून त्यातले सर्वांत उणे काय यावर भांडत आहेत, असे दृश्य आपल्या एखाद्या मराठी विभागात कोणी पाहिले असल्यास त्यांनी अवश्य कळवावे.

आता निकालाकडे वळू. 'द बिल्डर्स'ची हकिकत थोडक्यात अशी. हॉटेलात एक दार बसवायचे आहे आणि एक बुजवायचे आहे. सिबिलने स्टब्स या विश्वासू ठेकेदाराला काम सांगितले आहे. बेझिल पैसे वाचवण्यासाठी गुपचूप ओ'रायली या स्वस्तातल्या आयरिश ठेकेदाराला बोलावतो. मालक-मालकीण बाहेर गेलेले असताना ओ'रायलीची माणसे येतात, आणि त्यांच्यावर देखरेख करायला असतो इंग्रजी जेमतेम समजणारा मॅन्युएल. परिणामी नको तेथे दार उभे राहते आणि जेवणघराचे दार भिंतीत गडप होते. बेझिल हे सारे स्टब्सच्या माथी मारू पाहतो, सिबिलला ते कळते, आणि ती छत्रीने ओ'रायलीला झोडपून काढते. त्यानंतर रातोरात काम दुरुस्त होते. सकाळी स्टब्स येतो, काम पाहून कौतुक करतो आणि सहज विचारतो, लिंटेल कोणता घातला, लोखंडी तुळईचा की काँक्रीटचा? उत्तर येते, लाकडी. भिंत वरच्या मजल्याचे वजन पेलणारी आहे. बागेत ठेवायचा मातीचा बुटका उचलून बेझिल ओ'रायलीच्या समाचाराला निघतो आणि भाग संपतो.

हा भाग दुबळा का? याचे सर्वाधिक दिले जाणारे कारण असे की तो 'पडतो'; त्यात हशा कमी आहे. हशा कमी आहे हे खरेच. ही मालिका स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे आणि त्यांचे हसणे ध्वनिमुद्रणाचा भाग होई. या भागाच्या वेळी पुढच्या रांगांत आइसलँडच्या प्रसारण संस्थेतून आलेले पाहुणे मोठ्या संख्येने बसले होते आणि ते फारसे हसले नाहीत, अशी हकिकत क्लीज यांनीच सांगितली आहे. चाहते ही हकिकत गमतीने सांगतात. परंतु तिचा तार्किक परिणाम त्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. एखाद्या प्रयोगाला योगायोगाने जमलेल्या पाहुण्यांच्या मौनावरून कलाकृतीचा दर्जा ठरत असेल, तर तो दर्जा नेमका कशाचा?

येथे आपल्या काव्यशास्त्राला एक उपयुक्त भेद सापडलेला आहे. हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ हे दोन प्रकार भरतापासून चालत आले. 'रसगंगाधर'कार जगन्नाथाने त्यांचा अर्थ स्पष्ट केला तो असा: विभाव पाहूनच द्रष्ट्याच्या ठिकाणी उत्पन्न होते ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसताना पाहून उत्पन्न होते ते परस्थ. दूरचित्रवाणीवरील मुद्रित हशा म्हणजे परस्थ हास्याची यांत्रिक तरतूद होय. घरी एकटा बसलेला प्रेक्षक १९७५ सालच्या अनोळखी माणसांबरोबर हसतो आणि आपण बेझिललाच हसलो असे समजतो. 'द बिल्डर्स'मध्ये ही सोबत क्षीण आहे. म्हणून तो एकटा पडतो आणि आपल्या एकटेपणाचा दोष संहितेच्या माथी मारतो. (बेझिलही आपला दोष स्टब्सच्या माथी मारू पाहतो.) या बारा भागांची संहिता १९८८ साली पुस्तकरूपाने निघाली आहे. पुस्तकात कोणीच हसत नाही. तेथे 'द बिल्डर्स' त्याच्या मागच्यापुढच्या भागांच्या तुलनेत कोठे ढिला पडतो, हे दाखवून देण्याची जबाबदारी निकाल देणाऱ्यांवर आहे. मला तरी तसे स्थळ आढळले नाही. टॉर्की न पाहिलेला आणि या इंग्रजीत न वाढलेला प्रेक्षक म्हणून मी त्या आइसलँडकरांच्याच रांगेत बसतो, हे कबूल करतो. पण त्या रांगेतून संहिता अधिक स्वच्छ दिसते, असाही माझा अनुभव आहे.

दुसरे कारण लेखकांच्या साक्षीचे. खुद्द क्लीजच या भागाविषयी समाधानी नव्हते, मग वाद कशाचा, असे म्हटले जाते. विमसॅट आणि बियर्ड्‌सली यांचा लेखकहेतूविषयीचा निबंध १९४६ सालचा. तो आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता पाठ असतो आणि प्रत्यक्ष प्रसंगी कोणालाच आठवत नाही. लेखकाचे स्वतःच्या कृतीविषयीचे मत हा चरित्राचा ऐवज असतो. आणि साक्षीच काढायच्या तर मग बीबीसीतील त्या संहितापरीक्षकाचीही काढावी, ज्याने १९७४ साली पहिली संहिता वाचून ती ठोकळेबाज पात्रांची आणि अपयशी ठरणारी आहे असा शेरा दिला होता. पुढे २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दूरचित्रवाणी व्यवसायातील जाणकारांकडून शंभर श्रेष्ठ ब्रिटिश कार्यक्रम निवडून घेतले, तेव्हा हीच मालिका अव्वल ठरली. मला हे क्रमांकही प्रमाण वाटत नाहीत. दोन्ही निकालांत कारणांपेक्षा अधिकार मोठा आहे.

कारण द्यायचे तर फार्सच्या घाटातून द्यावे लागेल. बबन प्रभूंच्या नाटकांमुळे हा घाट मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. फार्समध्ये योगायोग चालतो, पण तो आरंभी. पुढची प्रत्येक आपत्ती आधीच्या लबाडीतून निघावी लागते. 'द किपर अँड द कॉर्प्स' घ्या. रात्रीत एक पाहुणा मरतो, हा योगायोग. परंतु आपण वाढलेल्या शिळ्या किपर माशांनी तो मेला या भीतीने बेझिल ते मासे लपवू लागतो, आणि तेथून पुढचे सर्व त्याचे स्वतःचे कर्तृत्व असते. 'द ॲनिव्हर्सरी'तही तसेच. लग्नाच्या वाढदिवसाला पत्नी रुसून निघून गेली हे एक साधे वाक्य मित्रमंडळींना सांगण्याची लाज वाटते म्हणून बेझिल ती आजारी असल्याचे सांगतो, पॉलीला अंधाऱ्या खोलीत सिबिल म्हणून निजवतो, आणि खरी सिबिल परत आल्यावर तिला कपाटात कोंडतो. हा भाग पाहवत नाही अशी तक्रार ऐकू येते. पाहवत नाही हे मान्य, पण दुबळा म्हणजे पाहवत नाही असा अर्थ कोणत्या कोशात आहे?

या कसोटीवर 'द बिल्डर्स' नुसता उतरत नाही, तर एके ठिकाणी इतर भागांच्या पुढे जातो. अन्य भागांत आपत्तीचा शेवटी स्फोट होतो. येथे शेवटी सगळे व्यवस्थित दिसते. दार जागेवर आहे, भिंत उभी आहे, स्टब्स प्रसन्न आहे. आणि एका तांत्रिक प्रश्नाने कळते की हे घर केव्हाही कोसळेल. स्फोट पडद्यावर होतच नाही, तो प्रेक्षकाच्या मनात शिल्लक राहतो. हशा कमी असण्याचे एक कारण हेही असू शकेल. काटकसर, पत्नीपासूनची लपवाछपवी आणि खोटा दिलासा या तीन गोष्टींवर फॉल्टी दांपत्याचा सारा संसार उभा आहे, आणि त्याचा लिंटेल लाकडी आहे हे याच भागात उघडपणे सांगितले जाते.

मग दुबळा भाग कोणता? हा प्रश्न टाळून 'सर्वच आपापल्या परीने श्रेष्ठ' असे म्हणणे आमच्या गौरवग्रंथांना शोभते. माझे उत्तर 'द वेडिंग पार्टी' असे आहे. त्यात एक अविवाहित जोडपे येते आणि बेझिल त्यांना एकत्र खोली नाकारतो. नंतर मुलीची आई आणि सावत्र वडील येतात. पॉली त्यांच्या ओळखीची निघते. आलिंगने, कपडे बदलणे, दाराआडचे आवाज यांतून बेझिल एका व्यभिचारनाट्याची कल्पना करून बसतो. येथे बेझिल खोटे बोलल्याने काही बिघडत नाही, तो चुकीचे पाहतो म्हणून बिघडते. आणि चुकीचे दिसावे अशी दृश्ये लेखकांना पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे आणून ठेवावी लागतात. गैरसमज टिकतो तो केवळ कोणी एक वाक्य बोलत नाही म्हणून. सिबिल ते बोलते आणि गुंता सुटतो. त्यात वाढदिवसाच्या दिवशी प्यायलेल्या मॅन्युएलची आणि बेझिलशी सलगी करणाऱ्या फ्रेंच बाईंची धांदल जोडलेली आहे. ती मजेदार आहे, पण मूळ घटनेला तिचा हातभार फारसा लागत नाही. हशा मात्र भरपूर आहे.

येथे एक नवी गुंतागुंत नोंदवली पाहिजे. जून २०२० मध्ये यूकेटीव्हीने आपल्या संग्रहातून 'द जर्मन्स' हा भाग काही काळ काढून घेतला. कारण होते त्यातील म्हाताऱ्या मेजरचे वंशद्वेषी बोलणे. क्लीज यांनी निषेध करताना म्हटले की मेजरची थट्टा करण्यासाठीच ते शब्द त्याच्या तोंडी घातले होते. पुढे सूचना जोडून भाग परत आला. तेव्हापासून 'दुबळा' आणि 'दोषी' या दोन विशेषणांची सरमिसळ वाढली आहे. भारतीय वाचकाला हे प्रकरण परके मानता येणार नाही, कारण मेजर जी हकिकत सांगतो ती ओव्हलवर भारताचा सामना पाहण्याची आहे. सोबतच्या बाईने भारतीयांना चुकीची शिवी दिली म्हणून तो तिला दुरुस्त करतो. ती शिवी वेस्ट इंडीजवाल्यांची, भारतीयांची वेगळी. शिव्यांच्या शुद्धलेखनाविषयीचा हा आग्रह मेजरला हास्यास्पद करतो, हे क्लीज यांचे म्हणणे मला पटते. तरीही त्या ठिकाणी मुद्रित हशा ऐकताना मी थबकतो. त्यातले कोण मेजरला हसले आणि कोण मेजरबरोबर हसले, हे त्या ध्वनीवरून कळण्यास मार्ग नाही. आत्मस्थ आणि परस्थ यांतील भेद मग निव्वळ पारिभाषिक राहत नाही.

हाच निकष 'द बिल्डर्स'ला लावला तर माझ्या पक्षाची एक बाजू कमजोर होते, आणि ती मी लपवत नाही. ओ'रायली आळशी, गोडबोल्या आणि आयरिश आहे. यांतली पहिली दोन विशेषणे तिसऱ्यातून आपोआप निघतात, असे संहिता गृहीत धरते. ज्या जागी रचनेने काम करायचे त्या जागी प्रचलित पूर्वग्रहाने काम भागवले आहे, आणि ही त्रुटी नैतिक असण्याआधी वाङ्मयीन आहे. मात्र वाद घालणाऱ्यांनी या भागाला दुबळे ठरवले ते प्रामुख्याने याकरिता नव्हे. ओ'रायलीच्या प्रसंगांना अधिक हशा मिळाला असता तर तोच ठोकळा त्यांनी अभिजात म्हणून गौरवला असता, अशी माझी शंका आहे. 'द जर्मन्स'चे उदाहरण समोर आहेच. रुग्णालय, आगीची कवायत आणि जर्मन पाहुणे असे तीन तुकडे त्यात एकमेकांना टाचले आहेत, आणि बेझिलच्या अखेरच्या उन्मादाला डोक्यावरील आघाताची वैद्यकीय सबब दिली आहे. घाटाच्या दृष्टीने हा भाग 'द बिल्डर्स'हून कितीतरी सैल आहे. तरी दुबळ्यांच्या यादीत त्याचे नाव सहसा येत नाही, कारण त्यातली वाक्ये लोकांना एकमेकांच्या तोंडून ऐकून पाठ झाली आहेत.

'द वेडिंग पार्टी'च्या कैवाऱ्यांनी याला उत्तर द्यावे. एकच अट आहे: उत्तर छापील संहितेवरून द्यावे, ध्वनिमुद्रणावरून नव्हे.