न घेतलेली मोटार

वडिलांच्या हातून निसटलेल्या लाभाची कथा प्रत्येक घरांत एक तरी असते. आमच्याकडे ती बहुधा जमिनीची असते. अमेरिकेंत पुष्कळदां मोटारीची. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध अमेरिकन गृहस्थांस त्यांचीं मुलें आजहि थट्टेनें विचारतात कीं, ती गाडी आपण सोडलीत तरी कशी?

ती गाडी म्हणजे १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड. मध्यम आकाराच्या सांगाड्यांत प्रचंड एंजिन बसविलेल्या ज्या गाड्यांस तिकडे 'मसल कार' म्हणतात, त्यांपैकीं ही एक. तिचा जन्म शर्यतीसाठीं झाला. नॅस्कार संस्थेच्या नियमाप्रमाणें शर्यतीची गाडी सामान्य गिऱ्हाइकांसहि विकणें भाग होतें, म्हणून कंपनीनें अशा सुमारें १९०० गाड्या बांधिल्या. पुढें चोंचीसारखें नाक, मागें उंच उभारलेला पंख! रिचर्ड पेटी तिच्यांतून शर्यती जिंकीत होते. दुकानांत मात्र ती तशीच पडून राही. किंमत सुमारें ४३०० डॉलर. कित्येक विक्रेत्यांनीं शेवटीं नाक व पंख उतरवून तिला साध्या रोडरनर गाडीचें रूप दिलें, तेव्हां कोठें ती खपली. आणि आतां? हेमी एंजिनाच्या एका सुपरबर्डला २०२२ सालीं लिलावांत दहा लाखांहून अधिक डॉलर आले.

मुलांचा हिशेब येथें थांबतो, आणि माझ्या मतें चुकतोहि येथेंच. त्या वेळीं घरांत दोन लेंकरें होतीं व तिसरें येऊं घातलें होतें. वडिलांनीं लांबलचक स्टेशन वॅगन घेतली. सुपरबर्ड घेतली असती, तर ती काय पन्नास वर्षें झांकून ठेवली असती? रोज कामावर तीच न्यावी लागती. त्या उत्तरेकडील प्रांतांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यास रस्त्यावर मीठ टाकतात. तें मोटारीचा पत्रा खातें. विमा कंपन्या अशा गाड्यांवर जबर हप्ता आकारीत. पुढें ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें व पंपांपुढें रांगा लागल्या. तेव्हां सात लिटरांचें एंजिन कोणास हवें होतें? बहुधा ती मातीमोलानें गेली असती. शिवाय ज्या गाड्या गंजल्या, मोडल्या, बदलल्या गेल्या, त्यांच्यामुळेंच तर उरलेलीस हें मोल आलें आहे.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या गृहस्थांस मोह पडलाच नव्हता, असें नाहीं. पिवळ्याजर्द सुपरबर्डमध्यें आपण बसलों व तिचा भोंगा वाजविला, हें ते अजून सांगतात. व्यंगचित्रपटांतील रोडरनर पक्ष्यासारखा त्याचा आवाज! तो आवाज ते तोंडानें काढूनहि दाखवितात. पैशाचा विषय त्यांच्या बोलण्यांत येत नाहीं. तो मुलेंच काढतात.

आणि वॅगन? ती बारा वर्षें चालली. तिघांहि मुलांस तिनेंच शाळेंत पोंचविलें. घरांत तिचें एकहि छायाचित्र नाहीं.